विश्लेषण : सदाहरित बांजच्या जंगलात रोपे का दिसत नाहीत?

उत्तराखंडमध्ये वणवा पेटला की चीड वृक्षाचे नाव बातम्यांत येते. झरे आटले की पावसाला बोल लावला जातो. या दोन्ही बातम्यांशी ज्याचा थेट संबंध आहे, त्या बांज या सदाहरित ओक वृक्षाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. नैनिताल, मसुरी, अल्मोड्याच्या वाटेवर तो सगळ्यांना दिसतो. बाराही महिने हिरवा असतो, त्यामुळे त्याचे ठीक चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात मध्य हिमालयातील अनेक बांजवनांत मोठी झाडे उभी आहेत, पण त्यांची जागा घेणारी रोपे त्यांच्याखाली नाहीत किंवा अगदी तुरळक आहेत. जंगल वापरण्याची सवय आणि जंगल मोजण्याची पद्धत, दोन्ही या झाडाच्या स्वभावाशी जुळत नाहीत. तो स्वभाव समजून घेतला नाही, तर ‘बांज लावा, पाणी वाचवा’ ही घोषणा फलकावरच राहील.

ओकचा मराठी घराशी काही संबंध आहे का?

ओक म्हटले की मराठी माणसाला आधी आडनाव आठवते. त्यात आश्चर्य नाही, कारण सह्याद्रीत किंवा दख्खनच्या पठारावर ओक वृक्ष नैसर्गिकरीत्या उगवत नाही. भारतातील ओक हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आढळतात. तरीही ओक आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. बाळगुटीतले मायफळ हे फळ नसून पश्चिम आशियातील एका ओकच्या डहाळीवर आलेली गाठ असते. एक चिमुकली गांधीलमाशी कोवळ्या डहाळीत अंडे घालते आणि झाड त्याभोवती टणक गाठ बनवते. बाटलीचे अस्सल बूच हीसुद्धा ओकचीच साल. ते पोर्तुगाल, स्पेनमधील एका सदाहरित ओकपासून मिळते.

जगात ओकच्या सुमारे साडेचारशे जाती आहेत. काही हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होतात, काही सदाहरित असतात. सगळ्यांची खूण एकच : पेल्यात बसवल्यासारखे दिसणारे, एका बीचे कठीण कवचाचे फळ. त्याला एकॉर्न म्हणतात.

बांज ओळखायचा कसा?

समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० ते २,३०० मीटर उंचीवर बांज वाढतो. म्हणजे माणसांची गावे, शेते आणि थंड हवेची ठिकाणे जिथे आहेत, नेमक्या त्याच पट्ट्यात. त्याच्यावरच्या उंचीवर मोरू किंवा तिलोंज आणि आणखी वर खरसू हे त्याचे भाऊबंद भेटतात. ते दोघेही सदाहरित ओकच.

बांजचे पान चामट असते, कडा करवतीसारख्या दातेरी. वरची बाजू गर्द हिरवी. पान उलटे केले की मागची बाजू पांढरट, बारीक लव असलेली दिसते. वारा सुटला की आख्खे झाड क्षणभर रुपेरी दिसते ते यामुळेच. त्याचे शास्त्रीय नाव ‘क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा’ असून त्याचा अर्थच ‘पांढरी लव धारण करणारा’ असा आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमी कामू यांनी हे नाव दिले. त्याआधी त्याला ‘क्वेर्कस इन्काना’ म्हणत. पण ते नाव अमेरिकेतील एका ओकला आधीच दिलेले असल्याने बदलावे लागले. जुनी पुस्तके चाळताना हे लक्षात ठेवलेले बरे.

जुन्या बांजच्या खरखरीत सालीवर शेवाळ, दगडफूल, नेचे आणि ऑर्किड वाढतात. आसपास बुरांशची लाल फुले फुलतात. म्हणजे हे केवळ एका झाडाचे जंगल नसते.

‘सदाहरित’ म्हणजे पाने गळतच नाहीत का?

गळतात. बांजचे पान साधारण वर्षभर जगते. वसंतात, मार्च ते मेच्या दरम्यान, जुनी पाने गळतात आणि त्याच सुमारास जांभळट-गुलाबी कोवळी पालवी येते. हा बदल इतका सलग होतो की झाड उघडे पडलेले दिसत नाही. सदाहरित असणे म्हणजे न बदलणे नव्हे. हे झाड दरवर्षी आपला सगळा पानोळा नवा करते.

आता हा काळ कोणता आहे ते पाहा. मार्च ते मे म्हणजे पाऊस येण्याआधीचे सर्वात कोरडे आठवडे. वणव्यांचा हंगामही तोच. झाडाला नवी पाने, फुलांचे लोंबते तुरे आणि आदल्या वर्षीची वाढणारी फळे या सगळ्यांसाठी पाणी लागते. ते खोल मुळांनी ओलावा राखलेल्या जमिनीतून येते. जमीन कोरडी पडत गेली तर पहिला ताण याच आठवड्यांत बसतो. पण झाड हिरवेच दिसत राहते, त्यामुळे तो ताण रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. पानगळीचा सागवान आपली दुखणी उघडी करतो. बांज ती झाकून ठेवतो.

त्याचे बी एवढे नाजूक का?

बांजच्या फळाला पिकायला एक हंगाम पुरत नाही. वसंतातल्या फुलापासून धरलेले फळ दुसऱ्या वर्षी पिकते. म्हणजे आज फुललेली फांदी दीड वर्ष टिकली, तरच तिचे बी जमिनीवर पडणार. मधल्या हिवाळ्यात कोणी ती फांदी चाऱ्यासाठी तोडली, तर एका वर्षाची नव्हे, दोन वर्षांची फळे जातात : आलेलीही आणि येऊ घातलेलीही.

पडलेले बी डाळी-कडधान्यासारखे डब्यात भरून ठेवता येत नाही. ते वाळले की मरते. त्याला ओल आणि पाल्याचे पांघरूण हवे. शिवाय ते जड असते. चिडाच्या बीला पंख असतो, वाऱ्यावर ते दूरच्या उघड्या उतारावर जाऊन पडते. बांजचे बी झाडाखालीच पडते आणि दूर जायचे तर पक्षी-खारींनी न्यावे लागते. वाटेत माकडे, अस्वले, किडे त्यातले पुष्कळसे खाऊन टाकतात. उरलेले रुजले तरी रोपाला सुरुवातीला सावली हवी आणि गुरांच्या तोंडापासून संरक्षण हवे.

बांजकडे एक मोठी शक्ती मात्र आहे. तोडलेल्या बुंध्यातून तो पुन्हा फुटतो. उसाचा खोडवा फुटावा तसे जोमदार फुटवे येतात. याच गुणामुळे माणसाने त्याला वर्षानुवर्षे छाटले तरी तो टिकून राहिला. पण खोडव्याचे जे होते तेच इथेही होते. मूळ जुनेच राहते. नवी पिढी बीमधूनच येते आणि बांजवनांचे दुखणे नेमके तिथे आहे.

झऱ्यांशी त्याचे नाते किती खरे?

पहाडात ‘बांज असेल तिथे पाणी’ हे लहान मुलालाही माहीत असते. कुमाऊँमध्ये झऱ्यावर दगडी नौले बांधलेले असतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला बहुधा बांजची राई राखलेली असते. यात अनुभव आहे, पण जादू नाही. झाड स्वतः पाणी तयार करत नाही, उलट पानांवाटे पाणी बाहेर टाकते. झरा कुठे फुटणार हे मुख्यतः खडकाच्या रचनेवर ठरते.

बांजचा वाटा वेगळा आहे. त्याची रुंद पाने पडून कुजतात, मऊ बुरशीयुक्त माती तयार होते. जोरदार पावसाचे पाणी तिच्यावरून धावण्याऐवजी तिच्यात मुरते. हिमालयात बहुतांश पाऊस मोजक्या महिन्यांत पडतो. तो मुरला तरच जानेवारीत किंवा मेमध्ये नौल्यात पाणी असते. निती आयोगाने २०१८ मध्ये हिमालयातील झऱ्यांवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात जवळपास निम्मे झरे आटत चालल्याचे म्हटले होते. याला रस्ते, बांधकामे, बदललेला पाऊस अशी अनेक कारणे आहेत. सगळा दोष एका झाडाच्या अनुपस्थितीवर टाकणे चूक. पण मुरणारी जमीनच उरली नाही, तर चांगला पाऊसही उपयोगाचा नाही, हेही तितकेच खरे.

मग चीड खलनायक आहे का?

चीड हा हिमालयातलाच मूळ रहिवासी आहे. कोरड्या, खडकाळ, दक्षिणाभिमुख उतारांवर तो उभा राहतो, जिथे बांज तग धरू शकत नाही. त्याचा दोष एवढाच की त्याला माणसाने पक्षपातीपणे वाढवले. इंग्रजी राजवटीत रेल्वेचे स्लीपर आणि टर्पेंटाइनसाठी लागणारी राळ चिडापासून मिळे. बांजपासून मिळत होते ते गावाला लागणारे : चारा, सरपण, शेणखतात मिसळायचा पाला, नांगराचे लाकूड. सरकारी हिशोबात या गोष्टींना किंमत नव्हती.

गावकऱ्यांना हा फरक नेमका ठाऊक होता. १९२१ मध्ये कुमाऊँत वननिर्बंधांविरुद्ध असंतोष भडकला आणि जंगले पेटवली गेली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले आहे, की आगी लावल्या गेल्या त्या सरकारला महसूल देणाऱ्या चिडाच्या जंगलांना. रुंदपर्णी जंगलांना लोकांनी हात लावला नाही. याच असंतोषातून पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले.

एकदा चीड घुसला की बांजला परतणे अवघड का जाते, याचे उत्तर मातीत आहे. जे. एस. सिंह, वाय. एस. रावत आणि ओ. पी. चतुर्वेदी यांचा यावरील शोधनिबंध १९८४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चिडाच्या सुयांमध्ये नत्र कमी असते. त्या कुजवताना जमिनीतले सूक्ष्मजीव आसपासचे नत्र स्वतःकडे ओढून घेतात. जास्त नत्र लागणाऱ्या बांजच्या रोपाला ते मिळत नाही, काटकसरी चिडाचे मात्र भागते. त्यातच सुयांचा थर, म्हणजे पिरूल, उन्हाळ्यात झटकन पेट घेतो. जाड सालीचा मोठा चीड आगीतून वाचतो, बांजचे रोप जळते. पुढच्या वर्षी मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुन्हा चिडाचेच बी उडत येते.

आग चिडाच्या हद्दीत थांबतेच असेही नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनिताल परिसरातील वणवे विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला भीमताल तलावातून पाणी उचलावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणव्याशी झुंजताना वनकर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. बिनसर अभयारण्य १९८८ मध्ये स्थापन झाले, ते आक्रसत चाललेली रुंदपर्णी बांजवने राखण्यासाठीच.

पाला तोडणाऱ्या बायका दोषी आहेत का?

शहरातून पाहणाऱ्याला सोपे उत्तर हेच वाटते. डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन उतरणारी बाई दिसते आणि वर ओकेबोके झाड दिसते. पण हिवाळ्यात गवत संपलेले असते, तेव्हा गोठ्यातल्या गाई-म्हशींसाठी हिरवा चारा फक्त सदाहरित झाडावर असतो. बांजचे हिरवेपण हे पहाडी घरासाठी दुभत्याचे आणि खताचे साधन आहे.

आणि हेच जंगल याच बायकांनी वाचवले आहे. १९८० मध्ये चमोली जिल्ह्यातील डुंगरी-पैंतोली येथे बटाट्याच्या शेतीसाठी गावाजवळचे बांजवन तोडण्याचा प्रस्ताव होता. रस्ता, शाळा, दवाखाना, वीज अशी आश्वासने मिळाली आणि गावातले पुरुष तयार झाले. बायकांनी नकार दिला, कारण चारा-सरपणासाठी मैलोन् मैल चालावे लागणार होते ते त्यांना. ‘चिपको’च्या त्या अध्यायात त्या सरकारसमोर आणि स्वतःच्या घरातल्या पुरुषांसमोरही उभ्या राहिल्या. जंगल वाचले.

पण म्हणून छाटणीचा परिणाम नाकारता येत नाही. गावाजवळचे तेच तेच झाड दरवर्षी शेंड्यापर्यंत ओरबाडले, तर ते फळत नाही. प्रश्न पाला तोडण्याचा नाही, किती आणि किती वर्षांनी तोडायचा याचा आहे. पोर्तुगालमध्ये बुचाच्या ओकची साल एकदा काढली की नऊ वर्षे पुन्हा काढता येत नाही. कोणत्या वर्षी काढली त्याचा आकडा झाडाच्या खोडावर रंगवलेला असतो. ते झाड वापरातही आहे आणि जिवंतही आहे. हिमालयातल्या अनेक वनपंचायतींनीही जंगलाचे भाग पाडून आळीपाळीने पाला तोडण्याचे नियम पाळले आहेत. जिथे नियम गावाचा होता आणि पाळला गेला, तिथे बांज टिकला.

आकडेवारीत हे का दिसत नाही?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टरपेक्षा मोठ्या जमिनीवर झाडांच्या शेंड्यांचे आच्छादन किमान १० टक्के असेल तर ते ‘वनाच्छादन’. झाड कोणत्या जातीचे, जमीन कोणाची, हे त्यात पाहिले जात नाही. उत्तराखंडचे वनाच्छादन राज्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ४५ टक्के आहे. या आकड्यात बांज आणि चीड एकच. आज बांज मेला आणि तिथे चीड वाढला तरी आकडा हलणार नाही. उपग्रहाला शेंडा दिसतो, शेंड्याखाली रोप आहे की नाही ते दिसत नाही.

वन सर्वेक्षण जंगलांच्या प्रकारांचे नकाशेही करते आणि जमिनीवर जाऊन नमुना पाहणीही करते. पण मंत्र्यांच्या भाषणात आणि वृत्तपत्राच्या मथळ्यात येतो तो एकच आकडा : हिरवे क्षेत्र वाढले की घटले. ही अडचण हिमालयापुरती नाही. याच व्याख्येने कोकणातली काजू-आंब्याची दाट बाग आणि शेजारची जुनी देवराई एकाच रकान्यात बसू शकतात. देवराई तुटून बाग आली तरी नकाशा हिरवाच राहतो.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, मोजणी बदलावी. वनविभागाने बांजवनांत किती मोठी झाडे आहेत याबरोबर किती रोपे आणि किती तरणी झाडे आहेत, हे वनपंचायतनिहाय जाहीर करावे. ज्या गावाची लोकसंख्या टिकून आहे पण शाळेत एकही मूल नाही, त्या गावाला आपण सुरक्षित म्हणत नाही. जंगलालाही हाच निकष हवा.

दुसरी, प्रत्येक राईत काही बीजवृक्ष छाटणीतून पूर्ण मुक्त ठेवावेत. फळ पिकायला दीड वर्ष लागते, म्हणून एका हंगामाची बंदी पुरेशी नाही. त्या बदल्यात चारा कुठून येणार याची सोय आधी व्हावी. शेताच्या बांधावर चाऱ्याची झाडे, गवताची राखीव कुरणे, परवडणारा गॅस सिलिंडर. ही सोय न करता लावलेली बंदी १९२१ची आठवण करून देईल.

तिसरी, पावसाळी वृक्षारोपणाचा सोस आवरावा. ओसाड उन्हात पिशवीतले बांजचे रोप लावून फोटो काढता येतो, झाड होत नाही. ताजे बी वाळण्याआधी, जुन्या झाडांच्या सावलीत, पाल्याच्या थराखाली पेरणे आणि तेवढा तुकडा गुरांपासून राखणे हे कमी खर्चाचे आणि झाडाच्या स्वभावाला धरून आहे. पौडी गढवालमधील उफरैंखाल परिसरात शिक्षक सच्चिदानंद भारती यांनी १९८०च्या दशकापासून गावकऱ्यांसह हेच केले. उतारावर पाणी मुरवणारे छोटे खड्डे खणले, बांज-बुरांशसारखी झाडे वाढवली. कोरडा पडलेला ओहोळ तिथे पुन्हा वाहता झाला. तिथे आधी ओल आली, मग झाड धरले.

चौथी, चिडाच्या सरसकट तोडीची मागणी सावधपणे ऐकावी. १९८१ मध्ये एक हजार मीटरवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली, ती मोठ्या आंदोलनानंतर. बांजच्या नावाने ती सैल झाली तर उघडा पडलेला उतार बांज धरणार नाही. चीडच पुन्हा येईल किंवा दरड येईल. बांजवनांच्या सीमेवरचा पिरूल वेळेत उचलणे आणि तिथे आग पोहोचू न देणे, हे काम आधीचे.

यातले काहीच नवे नाही आणि फार खर्चिकही नाही. अडचण अशी की याचा परिणाम एका निवडणुकीत दिसत नाही. लव असलेले ते पान वर्षभर जगते, फळाला दीड वर्ष लागते आणि रोपाचे झाड व्हायला अनेक दशके. तोवर जुनी झाडे हिरवीच दिसत राहतील आणि कागदावर सगळे ठीक असेल.

यंदा सुट्टीत नैनिताल किंवा मसुरीला गेलात तर बांजखाली थोडे थांबा. पान उलटून पांढरी बाजू पाहा, ओळख पटेल. मग झाडाकडे न पाहता त्याच्याखालच्या जमिनीकडे पाहा. पाल्यातून वर आलेली, करवती पानांची वीतभर रोपे दिसली, तर त्या गावाने आपले जंगल राखले आहे असे समजा. दिसली नाहीत, तर हॉटेलच्या नळाला टँकरचे पाणी का येते, याचे निदान एक कारण तुमच्या पायाशी आहे.